खताच्या गोदामातली अर्धी चाल

घाटंजीत गिटार वाजवणारी बाई मी एकटीच. हे मी अभिमानानं सांगत नाही, वैतागून सांगते. कॉलेजात अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवते, पण इतक्या वर्षांत माझी ओळख ‘गिटारवाल्या मॅडम’च्या पुढे गेलेली नाही. बरं, वाजवते म्हटलं की लोक फर्माईश करतात आणि फर्माईश हमखास सिनेमातल्या गाण्याची असते. मी ब्लूज वाजवते. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांनी आपल्या दुःखाचं जे गाणं केलं, ते ब्लूज. आता कापूस म्हटल्यावर आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा त्यावर हक्क नाही तर कुणाचा, असं माझं पहिल्यापासूनचं म्हणणं. ते मी स्टाफरूममध्ये मांडलंय, लग्नांच्या पंगतीत मांडलंय, एकदा तर दवाखान्यात हाताला सलाइन लावलेली असताना नर्सला ऐकवलंय. अजून कुणाला पटलेलं नाही.

घरी वाजवण्याची सोय राहिली नाही, कारण शेजाऱ्यांची म्हैस पान्हा चोरायला लागली आणि खापर माझ्यावर फुटलं. मग नवऱ्याच्या कृषी केंद्राचं गोदाम उरलं. तिथं एका बाजूला युरियाच्या थप्प्या, दुसऱ्या बाजूला बियाण्यांची पाकिटं आणि मधे माझा छोटा अँप्लिफायर. नवऱ्याची एकच अट होती, की गिऱ्हाईक आलं की थांबायचं. तो स्वतः कधी गायला नाही. आरतीला उभा राहतो तोही ओठ मिटून, टाळ्या वाजवत.

एका गुरुवारी संध्याकाळी मी एक चाल घोळवत बसले होते. तेवढ्यात गोदामाच्या मागच्या भिंतीपलीकडून कुणीतरी माझ्याबरोबर गायला लागलं. म्हातारा, भरदार आवाज. शब्द नाहीत, नुसता ‘ओ’कार, आणि तो असा कापत, हुंदके खात वर चढत होता की मला वाटलं कुणीतरी माझी टिंगल करतंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिटार ठेवली आणि भांडायला म्हणून मागच्या घराचं दार वाजवलं.

दारात एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. डोक्यावर काळी गोल टोपी, हातात लसूण सोलायची ताटली. हे काका वणीच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर होते. त्यांची बायको आमच्या सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी घाटंजीत घर बांधलं. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मी भांडायला आलेय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. ते म्हणाले, “बरं झालं आलात. तुम्ही जे वाजवता ते आमच्या बाबांच्या चालीसारखं लागतं. तुम्हाला ती कुठं मिळाली?”

काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांचे वडील गावच्या सिनेगॉगमध्ये हजान होते, म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणणारे. काका त्यांच्याजवळ उभे राहून ऐकत. मग आठव्या वर्षी त्यांना शिकायला मुंबईला धाडलं आणि वर्षभरात वडील वारले. वडिलांनी स्वतः बांधलेली एक चाल होती, ती कुठल्या पुस्तकात नाही की रेकॉर्डवर नाही. गावातली माणसं इस्राएलला गेली, म्हातारी झाली आणि गेली. आता ती चाल जगात एका काकांनाच येत होती, आणि त्यांनाही अर्धीच.

त्यांनी ती मला तिथंच उभ्या उभ्या गाऊन दाखवली. चाल चार पायऱ्या चढते, शेवटच्या पायरीवर आवाज फाटल्यासारखा होतो आणि तिथं काका थांबले. “इथून पुढे उतरते,” ते म्हणाले. “उतरत होती एवढं पक्कं आठवतं. कशी, ते गेलं.” तिकडं इस्राएलात असलेली त्यांची मुलगी दर रविवारी फोन करून म्हणायची, बाबा, आजोबांची चाल रेकॉर्ड करून पाठवा, आमच्या इथल्या सिनेगॉगमध्ये लोकांना शिकवते. काका दर रविवारी घसा बसल्याचं सांगत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस पोटच्या पोरीशी दर आठवड्याला खोटं बोलत होता आणि त्याची त्याला फार लाज वाटत होती.

मी लगेच जाहीर केलं की पुढचं आपण शोधून काढू. माझा हा स्वभाव नवऱ्याला पुरता ठाऊक आहे. तो म्हणाला, “झालं. आता गोदामाले कुलूप लावा लागते.”

तिसरा गडी आम्हाला जिनिंगमध्ये मिळाला. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथला फिटर जवळच्याच बंजारा तांड्यातला. आमच्याकडचे फिटर आफ्रिकेत जिनिंगची यंत्रं बसवायला जातात, तसा हा टांझानियात आठ हंगाम काढून आला होता. येताना सगळ्यांनी मोबाईल आणले, यानं कमरेएवढा एक ढोल आणला. एकाच खोडातून कोरलेला, वर बैलाचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं. विमानतळावर अडवू नये म्हणून त्यात सगळे कपडे आणि मामेभावासाठी घेतलेली इस्त्री कोंबून आणली. तिथल्या कामगारांनी त्याला सुट्टीच्या दिवशी बडवायला शिकवलं होतं. एका हातात तीनचा ठेका आणि दुसऱ्या हातात दोनचा, आणि दोन्ही एकाच वेळी. ऐकताना माझं डोकं गरगरायचं.

त्याचा कान भयंकर. पन्नास जिन यंत्रं एकदम चालू असताना कुठल्या नंबरचा रोलर घासतोय हे तो दारातून सांगतो. संगीतातली भाषा त्याला येत नाही, त्यामुळे तो सगळं जिनिंगच्या भाषेत बोलतो. पहिल्याच दिवशी मी जीव ओतून वाजवत असताना तो म्हणाला, “मॅडम, तुमचा पट्टा सरकून राह्यला.” मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर पट्टा, म्हणजे लय, खरोखरच सरकत होता.

माझा कापूस आणि ब्लूजचा सिद्धांत त्याला सांगितला, तर त्यानं शांतपणे विचार केला आणि म्हणाला, “पण मॅडम, आपल्या इकडे वेचणीले बाया गाणे नाही म्हणत. मोबाईल लावून ठेवते.” काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या सिद्धांतावर त्या दिवशी जे पाणी पडलं ते पडलं.

असा आमचा बँड. हजानाची चाल, अमेरिकेतलं ब्लूज, टांझानियाचा ढोल आणि युरियाचा वास. नाव ठरलं नाही, कारण मी सुचवलेलं दोघांना आवडेना आणि त्यांनी सुचवलेली मला. काकांच्या अटी दोन. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत तालीम नाही. आणि प्रार्थनेचे शब्द म्हणायचे नाहीत, नुसती चाल. शब्द म्हणायचे तर त्यांच्याकडं दहा ज्यू पुरुष जमावे लागतात, आणि काकांच्या माहितीप्रमाणे जिल्ह्यात ते एकटेच. फिटर लगेच उठला. “दहा माणसं ना? जिनिंगमधून आत्ता आणतो.” काकांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि पाठीवर थोपटलं.

वर्षभर आम्ही दर गुरुवारी ती अर्धी चाल वाजवली. काका चार पायऱ्या चढायचे आणि थांबायचे. ते थांबले रे थांबले की मी गिटार घेऊन त्या जागेत घुसायची, कधी ब्लूजच्या रडव्या सुरांनी उतरवत, कधी सरळ. फिटर ढोल घुमवायचा. काका डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. “नाही बाई. असं नव्हतं.” मी किती तऱ्हांनी उतरवली असेल ती चाल. एकदा तर ती चक्क गणपतीच्या आरतीवर जाऊन पोचली आणि पलीकडच्या थप्पीमागे नवऱ्यानं सवयीनं टाळ्या सुरू केल्या. मला राग यायचा. काकांचा नाही, त्या चालीचा. नंतर नंतर मात्र काकांचासुद्धा. अहो, आठवा ना जरा, असं मी एकदा बोलून गेले आणि रात्री जेवण गेलं नाही.

पहिला जाहीर कार्यक्रम वणीला काकांच्या जुन्या सोबत्यांच्या मेळाव्यात झाला. फलकावर आम्हाला ‘भजनी मंडळ, घाटंजी’ असं छापलं होतं. दुसऱ्याच गाण्याला एकानं चिठ्ठी पाठवली, की काही हलकंफुलकं होऊन जाऊ द्या. मी ती चिठ्ठी माईकवर वाचून दाखवली आणि वर दोन शब्द ऐकवले. परत बोलावणं आलं नाही.

मग फिटरनं तांड्यात नवं घर बांधलं. महाराजांनी वास्तुशांतीला शनिवार काढून दिला, तर यानं काकांसाठी पूजा शनिवारी उरकली आणि जेवण व बँड रविवारी सकाळी ठेवला. वैशाखाचं ऊन, मांडव, दोन मोठे कूलर. तांड्याला ‘बँड’ येणार एवढंच कळलं होतं, त्यामुळे पोरं लाल डगले आणि बाजे शोधत होती. आम्ही तिघं गाडीतून उतरल्यावर मागून अजून माणसं उतरतील म्हणून सगळे बराच वेळ गाडीकडं बघत राहिले.

फिटरची आई मला पहिल्यांदा तिथं भेटली. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईला ‘याडी’ म्हणतात आणि सगळा तांडाच त्यांना याडी म्हणायचा. त्यांच्याबद्दलचा एक किस्सा फिटरनं आम्हाला गोदामात सांगितला होता. बंजाऱ्यांत बाया सुरात रडतात. नवरी निघताना तर रडतेच, पण फार दिवसांनी माणूस भेटलं तरी गळ्यात पडून सुरात रडायचं, आणि समोरच्यानं सुरातच उत्तर द्यायचं. रडणाऱ्याला एकटं सोडणं म्हणजे त्याचा अपमान. हा टांझानियाहून पहिल्यांदा आला तेव्हा याडी बसस्टँडवर त्याच्या गळ्यात पडून अर्धा तास रडल्या, आणि त्या रडण्यात वर्षभराची सगळी बातमी होती, कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, कुठली शेळी कुत्र्यांनी फाडली. लोकांना वाटलं, घरात मयत झाली. कंडक्टरनं तर स्वतःची पाण्याची बाटली दिली.

याडींनी मला घर दाखवलं, पाणी दिलं आणि काकांकडं बोट करून विचारलं, “या डोकऱ्याच्या घरी कोण हाय?” मी सांगितलं, कुणी नाही, बायको गेली, मुलगी दूर देशात असते. “मंग रडले कोणापाशी?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काका रडत नाहीत, गातात. याडींनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझं एमएस्सी काढून ठेवावंसं वाटलं.

आम्ही सुरू केलं. दोन गाणी लोकांनी सभ्यपणे सोसली. तिसऱ्याला काकांनी टोपी नीट केली आणि बाबांची चाल धरली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. मांडवातली कुजबुज थांबली. चौथ्या पायरीवर त्यांचा आवाज नेहमीसारखा फाटला आणि ते थांबले. मी गिटार घेऊन घुसले आणि त्याच क्षणी लाईन गेली.

अँप्लिफायर बंद, कूलर बंद. गिटारच्या तारांतून नुसती कुरकुर निघाली. घर फिटरचं आणि पाहुणे फिटरचे, त्यामुळे तोही ढोल सोडून जनरेटरकडं पळाला. काका तसेच उभे होते, डोळे मिटलेले, चेहरा वर केलेला, गालावरून घाम ओघळतोय. का कोण जाणे, मीही काही बोलले नाही.

बायकांच्या बाजूनं याडी उठल्या. माणसांतून वाट काढत सरळ काकांपाशी आल्या, त्यांच्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर डोकं टेकलं आणि सुरात रडायला लागल्या. ‘वीरा’ म्हणजे भाऊ, एवढा एक शब्द मला कळत होता. बाकीचं फिटरनं नंतर सांगितलं: भाऊ, तुझी लक्ष्मी गेली तेव्हा तुझ्यापाशी कोण होतं, भाऊ, तू इतका रडला आणि या लोकांनी तुला जबाब नाही दिला, भाऊ, मी आले. पण मला तेव्हा शब्दांशी काही देणंघेणं नव्हतं. काकांनी चाल जिथं सोडली होती तिथूनच याडींचा सूर निघाला होता आणि एकेक पायरी खाली येत होता.

मागोमाग आणखी सात-आठ बाया उठल्या. एकटीला रडू देतील तर त्या तांड्याच्या कसल्या. प्रत्येकीची पट्टी वेगळी, चाल आपापली, कुणी पुढे कुणी मागे, पण सगळ्या मिळून खालीच येत होत्या. मी मात्र घाबरले होते. परक्या बाईनं असं गळ्यात पडणं काकांना चालेल का, हे मला ठाऊक नव्हतं. मी पुढे होऊन याडींच्या दंडाला हात लावला, तर काकांनी डोळे न उघडताच मला हातानं मागे सारलं.

बायांचा सूर जमिनीला टेकला. मग काकांनी परत पहिली पायरी धरली. चढले, थांबले. बाया उतरल्या. असं तीनदा झालं. तोवर जनरेटर सुरू झाला होता आणि कूलर फडफडायला लागले होते, पण गिटारला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. सगळं झाल्यावर याडींनी पदरानं आधी काकांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं, आणि जेवायला बसा म्हणाल्या.

पंगतीत काका माझ्या शेजारी होते. पोळी तशीच ताटात आणि ते माझ्याकडं बघतायत. “बाई,” ते म्हणाले, “बाबा तिथं थांबायचे.”

“थांबायचे म्हणजे?”

“गप्प व्हायचे. पुढचं लोक म्हणायचे, ज्याचं त्याला येईल तसं. मी लहान, बाबांच्या प्रार्थनेच्या शालीत घुसून उभा असायचो. सगळा आवाज शालीतूनच यायचा, म्हणून मला वाटायचं बाबाच म्हणतायत. मी इतकी वर्षं बाबांचं पुढचं शोधत होतो. बाबांना पुढचं नव्हतंच.”

मला रडू आलं, आणि ते काही सुरात वगैरे नव्हतं. काकांसाठी आलं हे खरं, पण थोडं स्वतःच्या लाजेनंही आलं. ती जागा लोकांची होती आणि वर्षभर दर गुरुवारी मी तिच्यात गिटार घेऊन घुसत होते. तो माणूस थांबून वाट बघत होता आणि मी त्याला एकदाही थांबू दिलं नव्हतं. फिटरला हे सांगितलं तर तो वाढता वाढता म्हणाला, “मॅडम, मी बोलणार होतो. पण तुमी तीन दिवस बोलत नाई ना मंग.”

मुलीला रेकॉर्डिंग पाठवायचं ठरलं ते पुढच्या गुरुवारी. काका म्हणाले, अर्धीच पाठवायची, पुढचं तिकडची माणसं म्हणतील, त्यांची त्यांना आठवेल. मी मोबाईल बियाण्याच्या खोक्यावर ठेवला. काकांनी टोपी नीट केली. फिटरनं हळू ठेका धरला, मी खालचे दोन सूर धरले, काका चढत गेले, चौथ्या पायरीला आवाज फाटला आणि ते थांबले. फिटरनं हात ढोलावर पालथे ठेवले. मी तळहात तारांवर दाबून धरला. माझ्यासारख्या बाईला गप्प बसणं किती जड जातं हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. मी मनात आकडे मोजत होते.

तेवढ्यात युरियाच्या थप्पीमागून आवाज आला. जाडा, चिरका, कुठल्याच पट्टीत नसलेला, अडखळत खाली उतरणारा. मी नवऱ्याच्या संसारात सव्वीस वर्षं काढली, तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. उतरून झाल्यावर तो हातात पावतीपुस्तक घेऊन थप्पीमागून बाहेर आला, कानापर्यंत लाल झालेला. “कोनी काई म्हणूनच नाही राह्यलं,” तो म्हणाला, “तं मले कसंतरीच वाटलं.”

मी कपाळाला हात लावला आणि रेकॉर्डिंग पुसायला मोबाईल उचलला. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “तसंच जाऊ दे. बाबांकडंही असेच बेसूर होते.”